सबवूफर जोडताना एक आरसीए वायर, का स्पीकरच्या वायरी?

राजारामपुरीतल्या मित्रानं ५.१ चा रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर सांभाळणारा डबा) घेतला, सेकंडहँड १० इंची पॉवर्ड सब, म्हणजे आत स्वतःचा ॲम्प असलेला सबवूफर, पण घेतला आणि सबच्या मागं दोन प्रकारचे इनपुट बघून रात्री फोन केला, भावा ह्यातलं कुठलं लावू? हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रिसीव्हरला सब प्री-आऊट (ॲम्पमधनं न गेलेला, सबसाठीचा बारीक सिग्नल देणारं भोक) असेल तर माझं मत पक्कं आहे, तिथनं एकच आरसीए वायर (गोल पिनेची ऑडिओ वायर) सबच्या एलएफई इनपुटला. ५.१ मधला .१ म्हणजे एलएफई, हा खोल बेसचा वेगळा चॅनल असतोय, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचा, आणि बाकीच्या स्पीकरांचा खालचा बेस पण रिसीव्हर ह्याच वायरीतनं पाठवतो. मेनूत स्पीकर स्मॉल करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडं वळतो ती हद्द) ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा आणि सबवरचं क्रॉसओव्हरचं बटण फुल्ल वर ठेवा, नाहीतर बेस दोन ठिकाणी कापला जातो आणि माणूस म्हणतो सबमध्येच दम नाही. ५ इंची बुकशेल्फ स्पीकर असतील तर हाच मोठा फायदा, जड बेस त्यांच्या डोक्यावरनं उतरतो आणि डायलॉग मोकळा ऐकू येतो.

स्पीकर लेव्हल म्हणजे फ्रंटच्या टर्मिनलवरनंच सबला वायरी न्यायच्या. स्टिरिओ ॲम्पला सब आऊट नसेल तर हे झकास चालतं आणि गाणी ऐकायला मला आवडतं पण. पण सराउंडला असं केलं तर मेनूत सब 'नो' आणि फ्रंट लार्ज करावे लागतात, सगळा बेस फ्रंटला जातो, तिथनं सबला, म्हणजे छोटे स्पीकर परत ओझ्याखाली. शिवाय सबची लेव्हल आणि अंतर रिसीव्हरमधनं वेगळं सेट करता येत नाही.

आरसीएचा एक त्रास मी स्वतः भोगलाय, घुंईं आवाज. दोन दिवस वाटत होतं सबच गेला. मग एकेक वायर काढत गेलो आणि सेट टॉप बॉक्सची केबल काढल्याबरोबर एकदम शांत, अर्थिंगचा लूप तिथनं होत होता. केबलला आयसोलेटर (हा लूप तोडणारा छोटा जोड) लावला आणि रिसीव्हर-सब एकाच बोर्डवर घेतले, विषय संपला. आवाज जावा म्हणून प्लगची अर्थची पिन मात्र कधीच तोडू नका, शॉक बसू शकतो.

सबला वायरीशिवाय सिग्नल पाठवणारं वायरलेस किट भाड्याच्या घरात बरं, पण सबला लाईटचा प्लग लागतोच.

आणि जुन्या होम थिएटरच्या डब्यातला पॅसिव्ह सब असेल, ज्याला लाईटची वायरच नसते, तो प्री-आऊटला लावून वाजणार नाही आणि थेट स्पीकर टर्मिनलला तर लावूच नका, त्यातले बरेच कमी ओहमचे असतात, रिसीव्हर प्रोटेक्शनला जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. त्याला वेगळा ॲम्प पाहिजे.

मित्राला शेवटी एवढंच सांगितलं, कायमची वायर आणायच्या आधी हाताशी असेल ती वायर लावून सब तुझ्या बसायच्या जागेवर ठेव, बेसचं गाणं लाव आणि भिंतीकडनं गुडघ्यावर फिर, जिथं बेस घुमत नाही पण भरून येतो ती सबची जागा, तिथपर्यंत टेप लावून माप घे आणि मग दुकानात जा.