पुरीमची करकरी: लाकडी, पत्र्याची की प्लास्टिकची?

पुरीम या ज्यू सणाला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळी, एस्तेर राणीच्या कथेची गुंडाळी वाचतात आणि त्या कथेत ज्यूंचा संहार करायला निघालेल्या दुष्ट हामानचं नाव आलं की सगळे मिळून गोंगाटात ते बुडवतात. त्यासाठीची करकरी म्हणजे यिद्दिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला ग्रॅगर, हिब्रूतला रअशन. पहिल्यांदाच जाणार असाल आणि कोणती घ्यावी हा प्रश्न असेल, तर किती जोरात वाजते ते नंतर बघा, किती चटकन गप्प होते ते आधी. गुंडाळीतला शब्द न् शब्द कानावर पडायलाच हवा असा नियम आहे, आणि हामानचं नाव त्यात ५४ वेळा येतं. गोंगाट लांबला की वाचणारा बिचारा खोळंबतो.

या कसोटीवर लाकडी करकरी सरस. दांड्यावर दातेरी चाक, त्याला टेकलेली पातळ लाकडी पट्टी. मूठ धरून गरगर फिरवली की पट्टी एकेका दात्यावरून सुटून पुढच्यावर आपटते, कर्रर्र! हात थांबला की आवाजही थांबला. घेताना पट्टी नखानं उचलून बघा: सैल असेल तर नुसती फडफडते, फार ताठ असेल तर एखाद्या पुरीममध्येच तडकते.

पत्र्याची दिसायला झकास. विसाव्या शतकात अमेरिकेत रंगीत छपाईच्या अशा करकऱ्या खूप विकल्या गेल्या. आवाज कर्कश, कानठळ्या बसवणारा. पण जुनी असेल तर कडा चाचपून पाहा, लहान मुलाच्या हातात ती नकोच. शोकेससाठी मात्र जरूर घ्या.

प्लास्टिकची स्वस्त, हलकी आणि फुसकी. घरात चार पोरं असतील तर तीच बरी, कारण एखादी तुटणारच. आत मणी भरलेला खुळखुळा मात्र टाळा. मूल चुळबुळलं तरी तो वाजत राहतो.

आपल्या बेने इस्राएलांमध्ये, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्ये, पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणायची रीत होती. दोन्ही सण बहुधा एकाच पौर्णिमेच्या आसपास येतात. होळीला बोंब मारणाऱ्यांना या गोंगाटाचं नवल वाटायला नको. खरं तर काहीच न घेता नुसते पाय आपटले तरी चालतं, ती पद्धतही जुनीच आहे.

अमेरिकेतल्या काही सिनेगॉगमध्ये मॅकरोनीची बंद खोकी हलवतात आणि नंतर ती गरजूंना देतात. आवाज जेमतेम, पण खर्च सत्कारणी. तुम्ही जाणार तिथे असं काही करतात का, ते आधी विचारा. नसेल तर लाकडीच घ्या.