जेलीफिन: घरच्या सर्व्हरवरचा मुक्त टीव्ही
एम्बी या मीडिया सर्व्हरचा (घरातले व्हिडिओ आणि संगीत इतर उपकरणांवर पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, २०१८ च्या अखेरीस बंदिस्त झाला, तेव्हा काही डेव्हलपरांनी त्याच्या ३.५.२ या आवृत्तीपासून वेगळी वाट काढून जेलीफिन उभे केले. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मिळणारे हे सॉफ्टवेअर ट्यूनरवरून (टीव्हीचा सिग्नल पकडणाऱ्या उपकरणावरून) किंवा एम३यू यादीवरून (वाहिन्यांच्या पत्त्यांच्या फाइलवरून) येणाऱ्या वाहिन्या घरातल्या प्रत्येक पडद्यावर पोहोचवते, रेकॉर्डिंग करते आणि हार्डवेअरच्या साहाय्याने होणाऱ्या ट्रान्सकोडिंगसाठीही (व्हिडिओ त्या-त्या उपकरणाला चालेल अशा स्वरूपात बदलण्यासाठीही) पैसे मागत नाही. कार्यक्रमांचे वेळापत्रक मात्र बहुधा एक्सएमएलटीव्ही फाइलच्या रूपात स्वतःच मिळवावे लागते, आणि नवख्याला ते जड जाते. तरीही, सुधारित प्रत वाटणाऱ्याने तिचा सोर्स कोडही उपलब्ध करून दिला पाहिजे, ही परवान्यातली अट मला इतर कोणत्याही सोयीपेक्षा मोलाची वाटते.