आहारतज्ज्ञ होण्याचे शिक्षण: मुंबईतील एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अनुभव

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयातून अन्न व पोषण या विषयातील दोन वर्षांची एम.एस्सी. आणि त्यानंतर शहरातील एका मोठ्या रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप मी पूर्ण केली आहे. प्रवेश घेताना मला माहितीपुस्तिकेपलीकडचे काही सांगणारे कोणी भेटले नव्हते, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. काही तक्रारी आहेत, त्यामुळे संस्थांची नावे घेतलेली नाहीत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. एम.एस्सी. झाले म्हणजे कोणी नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होत नाही. पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातील सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि त्यानंतर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा, हे सर्व पार पडल्यावरच नावापुढे ‘आरडी’ (रजिस्टर्ड डाएटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) लावता येते. ही संघटना १९६३ पासून आहे, तरी काही आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर डाएटचे सल्ले विकणारे आजही प्रत्येक उपनगरात सापडतात. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांमध्ये आहारतज्ज्ञांचाही समावेश केला, हे फार आधीच व्हायला हवे होते असे माझे ठाम मत आहे.

अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे प्रात्यक्षिके. पहिल्याच सत्रात आमच्या मॅडमनी प्रत्येकीला घरी रोज जेवणात वापरली जाणारी वाटी आणायला सांगितले होते. चौदा जणींच्या चौदा वाट्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि मोजपात्राने त्यांत पाणी ओतले, तेव्हा सर्वांत लहान वाटी ११० मिलिलिटरची निघाली आणि सर्वांत मोठी २२० ची. त्यानंतर प्रत्येकीला ३० ग्रॅम तूरडाळ मोजून दिली आणि घरी करतो तसे वरण करायला सांगितले. एकीचे घट्ट वरण जेमतेम एका वाटीत मावले, तर दुसरीचे पातळ वरण अडीच वाट्या भरूनही पातेल्यात उरले. प्रथिने मात्र दोन्हींत सारखीच होती, साधारण साडेसहा ग्रॅम. ‘रोज दोन वाट्या वरण घ्या’ असे रुग्णाला सांगण्यापूर्वी त्याच्या घरची डाळ किती, माणसे किती आणि वाटी केवढी हे विचारले पाहिजे, हे त्या दिवशी जे मनावर ठसले ते कोणत्याही व्याख्यानाने ठसले नसते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत ५२८ पदार्थांचे पृथक्करण दिलेले आहे आणि ते तक्ते आम्ही अक्षरशः उशाशी घेऊन झोपलो, पण तक्त्यातील १०० ग्रॅम आणि रुग्णाच्या ताटातला एक डाव यांच्यामधले अंतर कापायला या प्रात्यक्षिकांनीच शिकवले.

जीवरसायनशास्त्राची बाजू तुलनेने दुबळी होती. तो विषय दोन्ही वर्षे पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून लिहून देण्यात आला. सांख्यिकी आणि संशोधनपद्धती मात्र चांगल्या शिकवल्या.

इंटर्नशिपबद्दल सर्वाधिक लिहिण्यासारखे आहे, कारण माहितीपुस्तिकेतील आश्वासन आणि प्रत्यक्ष यांत सर्वांत मोठी तफावत तेथेच आढळली. ‘नामांकित रुग्णालयांत इंटर्नशिप’ असे छापलेले होते. वेळ आली तेव्हा महाविद्यालयाने हाती एक विनंतीपत्र दिले आणि जागा आपापली शोधा असे सांगितले. मी परळ ते अंधेरी अशा फेऱ्या मारून दोन महिन्यांनी जागा मिळवली, आणि माझ्या एका मैत्रिणीचे तर अख्खे सत्र वाया गेले. रुजू झाल्यावरही पहिला महिना वॉर्डांतून आलेल्या मागण्या वहीत उतरवण्यात आणि डाएट किचनमधून निघणारे ट्रे मोजण्यात गेला. ट्रे मोजणे कमी प्रतीचे काम आहे असे मला म्हणायचे नाही. मिठाशिवायचा ट्रे चुकून शेजारच्या खाटेवर गेला तर काय होते हे तेथेच समजते. परंतु महिनाभर तेवढेच काम देणे हे शिक्षण नव्हे.

दुसऱ्या महिन्यापासून चित्र पालटले. आमच्या वरिष्ठ आहारतज्ज्ञ आम्हाला रोज राउंडला नेऊ लागल्या. नळीतून द्यायच्या आहाराचे मिश्रण दाट झाले की नळी तुंबते आणि पातळ केले की उष्मांक कमी पडतात, हे गणित त्यांनी किचनमध्ये गाळणी हातात देऊन समजावले. डायलिसिसच्या वॉर्डातील एक प्रसंग मी विसरणार नाही. एका काकांसाठी त्यांचा मुलगा रोज सकाळी रुग्णालयाच्या फाटकाबाहेरून शहाळे आणत असे, आणि आजारी माणसाला शहाळे द्यायचे नाही तर काय द्यायचे, असा त्याचा सरळ प्रश्न होता. एका शहाळ्यात साधारण ५०० ते ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात ते साचले तर हृदयाची लय बिघडू शकते. मी हे आकडे घडाघडा सांगितले आणि मुलाचा चेहरा पडला. वरिष्ठांनी मात्र त्याला बाजूला बसवले आणि म्हणाल्या, ‘दादा, आणलंय ते वाया नको घालवू, तूच पी. रात्रभर जागा आहेस. बाबांना काय चालेल ते आपण दोघं मिळून लिहून काढू.’ दुसऱ्या दिवसापासून शहाळे आले नाही. नातेवाइकांशी कसे बोलावे यासाठी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकही स्वतंत्र तास नव्हता, ही मला त्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते.

परीक्षेच्या तयारीसाठी मी एका खासगी क्लासचेही शुल्क भरले आणि त्याचा मला पश्चात्ताप आहे. तेथील छापील प्रश्नसंचांत प्रौढ स्त्रीची लोहाची दैनंदिन शिफारस २१ मिलिग्रॅम दिलेली होती. तो आकडा २०१० चा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या सुधारित शिफारशींत तो २९ आहे, आणि पुरुषाच्या प्रथिनांची शिफारस ६० ग्रॅमवरून ५४ वर आली आहे. हे दाखवून दिल्यावर ‘पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू’ एवढेच उत्तर मिळाले. क्लासऐवजी मूळ अहवाल वाचावेत आणि चार जणींनी मिळून अभ्यास करावा, आम्ही शेवटी तेच केले.

एवढे असूनही हा अभ्यासक्रम मी पुन्हा निवडेन. या विषयाची परंपरा मुंबईत जुनी आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या जुहू संकुलात आणि मरीन लाइन्सच्या निर्मला निकेतनमध्ये गृहविज्ञान शिकवले जाते, आणि मोठी रुग्णालये लोकलच्या अंतरावर असल्यामुळे शिकण्यासारखे रुग्ण या शहरात भरपूर भेटतात. प्रवेश घेणाऱ्यांनी मात्र शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: इंटर्नशिपसाठी कोणत्या रुग्णालयाशी लेखी करार आहे, त्या सहा महिन्यांतील किती दिवस प्रत्यक्ष रुग्णांसोबत जातात, आणि मागील वर्षीच्या किती विद्यार्थिनी आरडीच्या परीक्षेला बसल्या. माझ्या मामेबहिणीने यंदा हे प्रश्न विचारले, तेव्हा एका कार्यालयात तिला माहितीपुस्तिकाच पुन्हा हाती देण्यात आली आणि दुसऱ्या ठिकाणी कराराची प्रत दाखवण्यात आली. तिने दुसऱ्या ठिकाणी प्रवेश घेतला आहे.