कंपवातासाठी अ‍ॅक्युपंक्चर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सुयांनी कंपवात (पार्किन्सन्स) थांबत नाही, लेव्होडोपा ही त्याची मुख्य गोळीही सुटत नाही. ‘सहा महिन्यांत गोळ्या बंद करू’ असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं. गोळ्या एकदम बंद केल्या तर तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जिवावर बेतू शकतं.

काही महिन्यांत पदरी पडते ती बरी झोप आणि मानेखांद्याला एखाद-दोन दिवसांचा सैलपणा. हाताची थरथर जवळपास तशीच राहते. थकव्यावर 2016 मध्ये अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली: 94 रुग्ण, सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा. खऱ्या आणि नकली सुया, दोन्ही गटांचा थकवा सारखाच कमी झाला. म्हणून अपेक्षा बेतानं ठेवलेली बरी.

खरा खेळ गोळीच्या वेळेचा आहे. ‘ऑफ’मध्ये, म्हणजे गोळीचा असर उतरलेला असताना, सत्र घेतलं की ताठर स्नायू सुई धरून ठेवतो, काढताना दुखतं, थरथरत्या हातातली सुई वाकते. गोळीनंतर पाऊण ते एक तासानं, ‘ऑन’, म्हणजे गोळीचा असर, सुरू झाल्यावर आडवं व्हावं. अनैच्छिक हालचाली याच वेळी वाढत असतील तर त्या हातापायात सुई नको. उपाशीपोटी घेरी येते आणि प्रथिनं गोळीचं शोषण अडवतात, म्हणून गोळीनंतर अर्ध्या तासानं केळं किंवा दोन बिस्किटं, दूध-पनीर नको.

सुया पाव मिलिमीटर जाडीच्या, एकदाच वापरायच्या, वीस ते तीस मिनिटं ठेवायच्या. गुडघ्याखालचा बाहेरचा बिंदू आणि पायाच्या अंगठ्यालगतच्या फटीतला बिंदू नेहमीचे. थरथरत्या हाताखाली उशी द्यावी. सुया टोचताना आणि काढताना मोजायला लावा, बधिर तळव्यात राहिलेली एखादी कळत नाही. उठताना आधी कुशीवर, मग दोन मिनिटं पाय सोडून बसायचं. कंपवातात उठताना रक्तदाब पटकन उतरू शकतो आणि त्यानं पडायला होतं. शुभंकरानं (काळजी घेणाऱ्यानं) तेवढा वेळ शेजारीच थांबावं.

मेंदूत डीबीएस (मेंदूला विजेचे स्पंद देणारं यंत्र) किंवा छातीत पेसमेकर असेल तर सुयांना वीजप्रवाह जोडू देऊ नका, डीबीएसच्या तारांच्या मार्गावरही सुई नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरची परिषद आहे, उपचार करणाऱ्याला तिथला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको.

सुरू करण्याआधी दोन आठवडे वहीत ‘ऑन’-‘ऑफ’चे तास, रात्री किती वेळा जाग आली ते आणि खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला लागणारे सेकंद लिहा. दहा सत्रांनंतर आकडे हलले नाहीत तर तो पैसा फिजिओथेरपीला लावा.