आरसीसीबी सारखा पडतोय: १०० चा टाकायचा की प्रत्येक सर्किटला आरसीबीओ?

पावसाळ्यात घरातला आरसीसीबी (करंट कुठे गळला, म्हणजे लीकेज झालं, की सप्लाय तोडणारा स्विच) पडायला लागला की कोणीतरी सांगतंच, ३० चा काढ आणि १०० चा टाक, कटकट मिटेल. मिटते बऱ्याचदा, पण ३० मिलीअँपिअर हा आकडा माणसाला शॉक लागला तर जीव वाचावा म्हणून ठेवलाय, फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही की आरसीसीबी पडतो. १०० किंवा ३०० चे असतात ते मुख्यतः लीकेजने आग लागू नये म्हणून. मोठ्या बंगल्यात मेनला टाइम-डिलेवाला १०० चा आणि पुढे सगळीकडे ३० चे असतील तर ठीक, नुसता १०० चा माझ्याकडून बाद.

आता खरी तुलना. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी स्वस्त पडतो, पण गीझर लीक झाला की फ्रिजही बंद. शिवाय वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी ह्यांच्या फिल्टरमधून थोडं लीकेज कायम चालूच असतं, त्याची बेरीज होते, आणि ३० चा आरसीसीबी नियमाप्रमाणे १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, म्हणजे कुठेच फॉल्ट नसतानाही पडेल. अशा घरात आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच, एकेका सर्किटपुरता) भारी, लीकेज वाटलं जातं आणि पडला तर कुठला पडला तेही दिसतं. पण प्रत्येक सर्किटला एक म्हणजे खर्च बराच, जागा जास्त लागते म्हणून डीबीही (हे सगळे स्विच बसवलेला बॉक्स) बदलावा लागतो, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्यांचे न्यूट्रल आत कुठेतरी एकत्र केलेले असले तर लोड टाकला की नवे आरसीबीओही पडणार. बॅटरी इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये तर हा घोळ कॉमन आहे.

म्हणून खरेदीआधी सगळे प्लग काढून बघा, नुसतं बटण बंद करून नाही, कारण बटण साधारण फेजच तोडतं आणि उपकरणात न्यूट्रल-अर्थ चिकटलेले असतील तर ते तसेच राहतात. सिंगल पोल एमसीबीचंही (ओव्हरलोड-शॉर्टला पडणारा, फक्त फेज तोडणारा स्विच) तेच, सगळे खाली पाडूनही आरसीसीबी टिकत नाही म्हणजे तो खराबच, असं लगेच समजू नका. एकेक न्यूट्रल सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायचा मीटर) बघणं हे वायरमनचं काम, स्वतः डीबी उघडू नका. एक मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर ती लाईन संशयित.

एका उपकरणावरच पडत असेल तर ते दुरुस्त करा, फक्त पावसात पडत असेल तर गॅलरीचा दिवा, गच्चीवरचा पॉइंट, पंप, तिथला बॉक्स उघडायला लावा. हे सगळं बघूनही कधीही, कशावरही पडतोय तर मग आरसीबीओला पैसे घाला. आणि सप्लाय चालू असताना टेस्ट बटण दाबूनही आरसीसीबी पडत नसेल तर आधी तोच बदला, बाकीचं नंतर.