थारची पुढची लिफ्ट : स्पेसर, प्रीलोड रिंग की पूर्ण सेट?

२०२० नंतरच्या महिंद्रा थारची पुढची बाजू इंच-दीड इंच उचलायची म्हटली की गॅरेजवाला तीनपैकी एक वस्तू काढून दाखवतो. एक, स्ट्रटच्या (शॉक आणि त्यावरची स्प्रिंग यांच्या जोडाच्या) डोक्यावर बसणारा स्पेसर. दुसरी, स्प्रिंगच्या वाटीत बसणारी प्रीलोड रिंग. तिसरा, लांब स्प्रिंग आणि लांब शॉकचा पूर्ण सेट. उभी गाडी तिन्हींनी सारखीच उंच दिसते. उमरेड-कुहीकडच्या पांदणीत उतरली की तिन्ही वेगळ्या वागतात.

आधी निकाल सांगतो. पुढे जड लोखंडी बंपर किंवा विंच (अडकलेली गाडी ओढणारी मोटर) नसलेल्या गाडीला वीस मिलीमीटरपर्यंतचा चांगला स्पेसर पुरतो. प्रीलोड रिंग घेऊ नये. दीड इंचाच्या वर जायचं असेल तर पूर्ण सेटशिवाय जाऊच नये.

स्पेसरचा हिशेब बहुतेकांचा इथेच चुकतो. वीस मिलीमीटरचा स्पेसर टाकला म्हणजे गाडी वीस मिलीमीटर उचलली, असं होत नाही. थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म आहेत आणि शॉक खालच्या आर्मवर चाकापासून आतल्या बाजूला बसतो. त्यामुळे शॉक थोडा हलला की चाक जास्त हलतं. हे गुणोत्तर बसण्याच्या जागेवर ठरतं, पण साधारण दीडपट ते दुप्पट धरावं. म्हणजे वीसच्या स्पेसरने तीस ते चाळीस मिलीमीटर उंची मिळते. ‘दोन इंच लिफ्ट’ म्हणून पन्नास मिलीमीटर जाडीचा तुकडा कोणी हातात ठेवला तर तो तसाच परत करावा. तेवढ्या जाडीने आर्म, बॉल जॉइंट आणि एक्सल तिन्ही आपल्या मर्यादेबाहेर जातात.

वरच्या स्पेसरने स्प्रिंगवरचा ताण बदलत नाही, त्यामुळे गाडीचा मऊपणा तसाच राहतो. हा त्याचा मोठा गुण. दोष असा की अख्खा शॉक खाली सरकतो. चाक लोंबकळलं की आधीपेक्षा खोल जातं, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला टेकतो आणि फोर बाय फोर गाडीत एक्सलचा कोन तीव्र होतो. उलट दिशेला, चाक पूर्ण वर दाबलं गेलं की बंप स्टॉप (चाल थांबवणारा रबरी ठोकळा) लागायच्या आधी शॉक आतून आदळू शकतो. खड्ड्यात ‘ठक्’ असा धातूचा कोरडा आवाज आला तर तोच समजावा. असा महिना-दोन महिने आदळत राहिला तर सील जातं आणि शॉकच्या नळीवर तेल दिसू लागतं.

प्रीलोड रिंगचं उलट आहे. शॉकची लांबी तीच राहते, फक्त स्प्रिंग जास्त दाबून गाडी वर ढकललेली असते. समजा उभ्या गाडीचं चाक अजून ऐंशी मिलीमीटर खाली जाऊ शकत होतं. गाडी पस्तीसने उचलली की खाली जायला पंचेचाळीसच उरले. स्पीड ब्रेकरवरून उतरताना शॉक पूर्ण उघडून थाडकन थांबतो, आणि धुऱ्यावरून तिरपं उतरताना एक चाक लवकर हवेत जातं. उंचीसाठी सस्पेन्शनची चाल विकायची, असा हा व्यवहार आहे. शिवाय ती बसवायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून स्ट्रट उघडावा लागतो. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होतो. दोन हुकांच्या साध्या कॉम्प्रेसरवर हे काम चाललेलं दिसलं तर थांबवावं.

पूर्ण सेट स्पेसरच्या कित्येक पट महाग, पण त्यात स्प्रिंग, शॉकची लांबी आणि आतला व्हॉल्व्ह एकमेकांसाठी बनलेले असतात. घेताना दुकानदाराला तीन गोष्टी सांगाव्यात: इंजिन कोणतं, पुढे वजन किती वाढवलं आणि हार्ड टॉप आहे की सॉफ्ट टॉप. डिझेलचं नाक पेट्रोलपेक्षा जड असतं, त्यामुळे एकच स्प्रिंग दोघांना चालत नाही. विंच नसताना विंचवाली स्प्रिंग घेतली तर गाडी ठरल्यापेक्षा जास्त उचलते आणि मुरमाच्या रस्त्यावर दगडासारखी चालते. सेटबरोबर वरचा आर्म बदललेला असेल तर उत्तम. गाडी चाळीस मिलीमीटरच्या वर उचलली तर तो ऐच्छिक समजूच नये, कारण मूळ आर्मचा बॉल जॉइंट तेवढ्या कोनासाठी बनलेला नाही.

स्पेसरच घ्यायचा ठरला तर तो हातात घेऊन नीट बघावा. ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यातून लेथवर काढलेला तुकडा पसंत करावा. ओतकामाचा घेऊ नये. त्यात आतल्या पोकळ्या दिसत नाहीत आणि तडा बोल्टच्या भोकापासून सुरू होतो. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा नायलॉनचा तुकडा सतत दाबाखाली हळूहळू बसतो आणि नट आपोआप सैल पडतात. दोन्ही बाजू घासून सपाट केलेल्या असाव्यात. काचेवर ठेवून बोटाने दाबला तर डुगडुगता कामा नये. स्टडवर १०.९ असा आकडा (ताकदीचा दर्जा) कोरलेला असावा. मूळ स्टडला वेल्डिंग करून लांबी वाढवलेली असेल, तर तो फुकट दिला तरी घेऊ नये.

फिटिंगच्या आधी सपाट फरशीवर चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवावं. डाव्या-उजव्यात पाच-सात मिलीमीटरचा फरक नवीन गाडीतही असतो. तो आधी माहीत नसेल तर नंतर किटला दोष दिला जातो. गाडी चेसिसखाली स्टँड देऊन उचलावी आणि स्टॅबिलायझर बारचे लिंक रॉड दोन्ही बाजूंचे एकदम सोडावेत. एकाच बाजूचा सोडला तर स्टॅबिलायझर बार आर्मला ओढत राहतो. एबीएसची वायर आणि ब्रेकची होज क्लिपमधून मोकळी केल्याशिवाय नकल (चाकाचा हब धरणारा भाग) खाली सोडू नये.

आता सगळ्यात जास्त गाड्या ज्या चुकीने बिघडतात ती. आर्मचे रबरी बुश चाक लोंबकळत असतानाच कसले जातात. रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. ते लोंबकळलेल्या स्थितीत पकडलं गेलं की गाडी जमिनीवर आल्यावर कायम पिळलेलं राहतं. काही महिन्यांत ते फाटतं, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘गाडी डावीकडे ओढून राहिली.’ उपाय सोपा आहे. बोल्ट आधी हातानेच लावायचे, चाकं चढवायची, गाडी खाली ठेवून पुढून दोन-तीनदा दाबायची आणि मगच टॉर्क पान्याने वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याला कसायचे. त्यासाठी गॅरेजमध्ये खड्डा किंवा गाडी चाकांवर उभी ठेवूनच वर उचलणारी यंत्राची लिफ्ट लागते. ज्या गॅरेजकडे दोन्ही नाही, तिथे हे काम देऊ नये.

काम झाल्यावर चाक लोंबकळत ठेवून स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघावं. ब्रेकची होज ताणलेली नको, स्प्रिंग वरच्या आर्मला घासायला नको, एक्सलच्या रबर बूटच्या घड्या एकमेकींवर चढलेल्या नकोत. पंधरा दिवसांनी रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला. रिअर व्हील ड्राइव्ह थारला पुढचे एक्सल नाहीत, तिला ही काळजी नाही.

अलाइनमेंटला जाताना नुसता टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) करून घेऊ नये. गाडी उचलली की कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) पॉझिटिव्हकडे, म्हणजे चाकाचा माथा बाहेर झुकण्याकडे, सरकतो आणि कॅस्टर (बाजूने दिसणारा, चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) बहुधा कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळण संपल्यावर स्टीअरिंग स्वतःहून परत येत नाही. शहरात हे चालून जातं. समृद्धीवर १२०च्या वेगाला, ट्रकला ओलांडताना वाऱ्याचा झोत बसला, की गाडी सतत दुरुस्त करत चालवावी लागते. म्हणून कॅस्टर-कॅम्बर दाखवणाऱ्या मशीनवर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागावेत.

लिफ्टने काय मिळतं हेही स्पष्ट असावं. थारचा पुढचा डिफरेन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) चेसिसला टांगलेला आहे, म्हणून पुढची लिफ्ट त्याला खरोखर वर नेते. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांमधला उंचवटा पोटाला लागत असेल तर फरक जाणवतो. मागचा एक्सल सलग आहे. त्याचा गोळा फक्त मोठ्या टायरने वर जातो. मूळ गाडीचा पुढचा चढाईचा कोन ४१.८ अंश आहे, नाल्याच्या काठाला तो बहुधा पुरतो. आणि पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी अडकते ती पकड गेल्यामुळे. माती टायरच्या खाचांत भरली की कितीही उंच गाडी जागच्या जागी फिरते. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी टायर घ्यावेत.

२०२० आधीच्या जुन्या सीआरडीई (डिझेल) थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी आहे. तिथे अ‍ॅडजस्टिंग बोल्ट पिळला की फुकटात उंची मिळते, पण तोट्यांच्या बाबतीत ती प्रीलोड रिंगचीच बहीण. लांब शॉक न टाकता वीस-पंचवीस मिलीमीटरपुढे पिळू नये.

कागदपत्रांची बाजू हलकी घेऊ नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी कलम १८२ए (४) खाली मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काम करण्याआधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्कला तपासावेत. नवीन स्प्रिंग पाच-दहा मिलीमीटर बसते, त्यामुळे पूर्ण सेट असेल तर अलाइनमेंटही त्याच वेळी दुसऱ्यांदा करावं. हेडलाइट मात्र पहिल्याच संध्याकाळी भिंतीसमोर उभं राहून खाली करून घ्यावेत. फक्त पुढून उचललेल्या गाडीत मागे माणसं आणि सामान बसलं की झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यात जातो.