निशिगंधाचे कंद होळीनंतर लावावेत की मृगात?

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. ऊन त्याला सोसते, गोठवणारी थंडी मात्र सोसत नाही. मराठवाड्यात पाणी गोठण्याइतकी थंडी सहसा पडत नसली, तरी आमच्या परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांखाली उतरला की निशिगंधाची पाने पिवळी पडतात आणि त्या दिवसांत लावलेला कंद ढिम्म हलत नाही. तेव्हा घरच्या बागेपुरते दोनच मुहूर्त उरतात: होळी जळाली, थंडी पळाली की लगेच, म्हणजे मार्चमध्ये, किंवा 7-8 जूनच्या सुमारास मृग लागल्यावर. मी दोन्ही वेळा करून पाहिल्या आहेत.

मृगाची बाजू वरवर पाहता भक्कम आहे. उन्हाचा कडाका ओसरलेला असतो, पाणी देण्याचे काम पाऊस करतो आणि ज्या घरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते त्या घरी ही सवलत किरकोळ नाही. जूनच्या मध्याला लावलेल्या कंदाला साधारण तीन महिन्यांनी दांडा येतो, म्हणजे गणपती ते नवरात्र या काळात घरची फुले मिळू शकतात. आमच्याकडे बहुतेक जण हीच वेळ निवडतात आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही.

माझे अडले ते वाफशापाशी, म्हणजे ओली जमीन खणण्याजोगी भुसभुशीत होते त्या स्थितीपाशी. आमच्या अंगणातली जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन पावसांत ती मिटून लोण्यासारखी होते. मग खुरपे घातले की मातीचा गोळाच वर येतो. तीन-चार दिवस उघडीप मिळाली तर वाफसा येतो, पण तो नेमका एखाद्या दुपारी येतो, मी त्या वेळी कामावर असतो, आणि दुसऱ्या दिवशी एकतर पुन्हा पाऊस झालेला असतो किंवा वरचा थर विटेसारखा वाळलेला असतो. पहिल्या वर्षी मी अशी वाट पाहण्यात जवळजवळ सगळा जून घालवला. दुसऱ्या वर्षी धीर सुटला आणि 40 कंद ओल्यातच अंगठ्याने दाबून बसवले. आई ओसरीवरून म्हणाली, ‘‘कंद लावतोस की चिखल कालवतोस?’’ तिचेच खरे ठरले. दाबलेली चिकणमाती कंदाभोवती घट्ट बसली, मुळे फुटण्याआधीच पाणी साचले, आणि महिन्याभराने उकरून पाहिले तेव्हा बोटाला लिबलिबीत लागले. 40 पैकी 11 उगवले.

होळीनंतर वाफसा आपल्या हातात असतो, हा फरक मला निर्णायक वाटतो. वाफा भिजवावा, दोन-तीन दिवस थांबावे, माती मुठीत धरून सोडल्यावर भुसभुशीत फुटली की खणून 5-6 सेंटिमीटर खोल कंद लावावेत. आभाळाकडे पाहायचे कारण नाही. शिवाय जानेवारीत काढलेल्या कंदांना सावलीत चार ते सहा आठवडे विश्रांती द्यावी लागते, ती होळीपर्यंत आपसूक पूर्ण होते. तेच कंद मृगापर्यंत ठेवले तर माझ्याकडे तरी निम्मे पिशवीतच सुकून सुरकुततात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाऊस सुरू होतो तेव्हा मुळे पसरलेली असतात, त्यामुळे मृगाला नुसत्या कंदाला जे पाणी मारते तेच या रोपांना मानवते.

याची किंमत पाण्यात मोजावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांवर गेला की पानांची टोके करपतात, आणि पहिल्या वर्षी आलेले सुरुवातीचे दांडे आखूडच होते. मी वाफ्यावर सोयाबीनचे भुसकट चार बोटे जाड पसरतो आणि भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी तिकडेच वळवतो. तेवढ्यावर माझा छोटा वाफा निभावतो. वाफा भिंतीच्या पूर्वेला असल्याने दुपारचे ऊन अडते, याचाही वाटा असावा.

ज्यांच्या घरी उन्हाळ्यात पिण्याचेच पाणी टँकरचे आहे, त्यांनी माझ्या सांगण्यावरून होळीचा आग्रह धरू नये. ज्यांची जमीन मुरमाड आहे किंवा ज्यांना कुंडीतच लावायचे आहे, त्यांना वाफशाची कटकट नाही, म्हणून मृगही चालेल. एकेरी किंवा दुहेरी जातीमुळे माझ्या अनुभवात वेळेचा फरक पडला नाही. ग्लॅडिओलसला मात्र हा हिशेब लावू नये. त्याची फुले उन्हात टिकत नाहीत, म्हणून ते कंद मी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावतो.

यंदा माझ्याकडे 50 कंद निघाले. 40 होळीनंतरच्या रविवारी वाफ्यात गेले. 10 मृगासाठी राखून ठेवले आहेत, तेही कुंडीत लावायला.